लग्नाचं जेवण: पदार्थ कमी करा, वाढताना हात आखडू नका

पत्र थोडक्यात: 28 वर्षांच्या एका वाचक मैत्रिणीचं लग्न तीन महिन्यांवर आलं आहे. खर्च ती आणि तिचा होणारा नवरा स्वतःच्या बचतीतून करणार आहेत. पाहुण्यांची यादी 160 वर गेली आहे. केटररने 16 पदार्थांचा जो अंदाज दिला, तो त्यांनी जेवणासाठी बाजूला काढलेल्या रकमेच्या जवळजवळ दुप्पट आहे. आई म्हणते, मामाकडून उसने घेऊ, पण जेवणात कमीपणा नको. मावशीचं म्हणणं, आपण सगळ्या मिळून घरीच करू, केवढे तरी पैसे वाचतील. होणारा नवरा म्हणतो, यादीच निम्मी करू. ही मैत्रीण विचारते: ‘साधं जेवण दिलं तर आम्ही लोकांची बोळवण केली असं वाटेल का? कुणी अर्धपोटी उठलं तर ते मला कायम लागून राहील. तिघांपैकी कुणाचं ऐकू?’

प्रिय मैत्रिणी,

कुणी अर्धपोटी उठू नये, हे तुमच्या पत्रातलं वाक्य मला सगळ्यात मोलाचं वाटलं. बाकीचं पत्र पैशांविषयी आहे, हे एक वाक्य माणसांविषयी आहे. त्यालाच धरून पुढचं सगळं ठरवू या.

तुमच्या घरात सध्या दोन भीती एकत्र कालवल्या गेल्या आहेत. एक, जेवण कमी पडेल. दुसरी, जेवण साधं दिसेल. या दोन्हींवरचे उपाय वेगवेगळे आहेत आणि बरेचदा एकमेकांच्या विरोधात जातात. 16 पदार्थांनी टेबल भरलेलं दिसतं खरं, पण रक्कम तीच असेल तर प्रत्येक पदार्थ थोडा थोडाच करावा लागतो. मग होतं असं की ज्यावर लोकांचा जीव जडतो ते दोन-तीन पदार्थ पहिल्या 80-90 माणसांतच संपतात, आणि शेवटी आलेल्यांसमोर न खपलेल्या तेरा पदार्थांची भांडी उरतात. तिथे माणूस अर्धपोटी उठतो आणि अन्नही वाया जातं. पदार्थ वाढला की फक्त त्याचं सामान वाढत नाही. त्याला वेगळं पातेलं लागतं, वेगळा चूल-वेळ, करणारा हात, वाढायचं भांडं, आणि प्रत्येक भांड्याच्या तळाशी उरणारं ते थोडंसं. सोळा तळांची बेरीज करून पाहा.

आता एक विचारते. गेल्या काही वर्षांत तुम्ही जितक्या लग्नांत जेवलात, त्यांतल्या किती ठिकाणचे पदार्थ तुम्हाला आज आठवतात? फार तर एखादा आठवेल. पण कुठे रांगेत ताटकळलात, कुठे भात गार होता, कुठे ‘अजून घ्या ना’ म्हणत कुणी जवळ आलं, हे आठवेल. पाहुण्याला आपली कदर झाली की नाही हे बहुतेक तिथे कळतं. म्हणून तुमच्या प्रश्नातलं ‘साधं’ आणि ‘बोळवण’ हे दोन शब्द मी एका ओळीत ठेवणार नाही. साधं, गरम आणि मागाल तेवढं असं जेवण ही बोळवण नव्हे.

आता तिघांच्या सूचनांकडे येते.

मामांकडून उसने घ्यायची कल्पना मला सगळ्यात कमी पटते. मामा मायेनेच देतील, यात शंका नाही. पण लग्नानंतरचं पहिलं वर्ष नव्या घराच्या मांडामांडीचं असतं, आणि त्यात दर महिन्याला एका संध्याकाळच्या जेवणाचे पैसे फेडत बसणं दोघांनाही जड जाईल. कागदावर एकदा स्पष्ट लिहा: सात पदार्थ (हा बेत पुढे दिला आहे) आणि सोळा पदार्थ यांच्या खर्चात फरक किती, आणि तो फेडायला किती महिने लागतील. आकडा समोर आला की आईशीही बोलणं सोपं होईल.

मावशींच्या सूचनेवर मात्र मला सविस्तर लिहायचं आहे, कारण असा विचार पुष्कळ घरांत होतो. त्यामागचं प्रेम खरं असतं आणि धोकाही तितकाच खरा असतो.

घरी 20 माणसांचा स्वयंपाक उत्तम करणारी व्यक्ती 160 जणांचा करू शकेलच असं नाही. यात तिच्या हाताला दोष नाही, भांड्याचा आकारच वेगळा असतो. पातेल्याची लांबी, रुंदी, उंची दुप्पट केली की आत आठपट अन्न मावतं, पण उष्णता बाहेर टाकणारा पृष्ठभाग फक्त चौपट होतो. म्हणजे मोठं पातेलं तापायला वेळ घेतं आणि निवायला त्याहून जास्त घेतं. आदल्या संध्याकाळी मोठ्या भांड्यात रस्सा केला, झाकण ठेवलं आणि सकाळी झाकण उघडून हात धरला, तर वरची साय गार झालेली असते, पण डाव तळापर्यंत नेऊन ढवळलं की आतून कोमट वाफ येते. तो कोमटपणाच घातक. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स नावाचे जिवाणू साधारण 43 ते 47 अंश सेल्सियसला सर्वात वेगाने वाढतात, दहाएक मिनिटांत दुप्पट होतात, आणि त्यांचे बीजाणू, म्हणजे कवचात सुप्त राहिलेलं त्यांचं रूप, उकळीतूनही टिकतात. मोठ्या समारंभातल्या रश्श्यांतून आणि मांसाच्या पदार्थांतून होणाऱ्या विषबाधेत हे नाव वारंवार येतं.

भाताचंही तसंच. बॅसिलस सेरियस या दुसऱ्या जिवाणूचे बीजाणू तांदळात असू शकतात, शिजताना मरत नाहीत, आणि भात तासन्तास बाहेर राहिला की वाढून विष तयार करतात. उलटी करवणारं त्यांचं विष पुन्हा तापवूनही नाहीसं होत नाही. ‘वाढायच्या आधी चांगला गरम करू’ हा दिलासा इथे चालत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने 2001 मध्ये सुरक्षित अन्नाची पाच सूत्रं प्रसिद्ध केली. त्यांत तापमानाविषयी जे सांगितलंय, ते लग्नघराने भिंतीवर चिकटवून ठेवावं असं आहे: अन्न आतपर्यंत किमान 70 अंशांवर शिजवा, वाढेपर्यंत 60 च्या वर ठेवा, साठवायचं तर 5 च्या खाली ठेवा, आणि शिजलेलं अन्न साध्या हवेत दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका. हे 160 माणसांसाठी पाळायचं तर मोठी शीतपेटी, उथळ ट्रे, तापमापक आणि खालून आच असलेली वाढपाची भांडी लागतात. हे सगळं भाड्याने आणलं की वाचलेल्या पैशांतला बराच भाग तिकडे जातो. शिवाय तुमच्या आई, मावशी, काकू लग्नाच्या दिवशी पहाटे तीनपासून चुलीपाशी उभ्या राहतील आणि मुख्य विधीच्या वेळी त्यांच्या अंगावर स्वयंपाकाचेच कपडे असतील. हे मला बरोबर वाटत नाही, आणि मावशींनाही नंतर वाटणार नाही.

पण मावशींचा उत्साह मोडू नका. त्यांना गार खायचे, टिकणारे पदार्थ द्या: कोरडा गोड पदार्थ, बिस्किटं, केक, फळं धुऊन-चिरून ठेवणं, लोणच्यासारखं आंबट-तिखट तोंडीलावणं. यांतलं पुष्कळसं दोन-चार दिवस आधी होतं, त्याला लग्नाच्या दिवशी चूल लागत नाही, आणि घरच्या हाताची चव नेमकी यातच कळते. फळं मात्र त्याच दिवशी चिरायची. गरम, ओले, भाताचे आणि रश्श्याचे पदार्थ मोठ्या स्वयंपाकाची सवय असलेल्या माणसाकडे सोपवा. एखादा आचारी दोन मदतनीसांसह, सामान तुम्ही आणून द्यायचं, असा बेत पूर्ण केटररपेक्षा स्वस्त पडू शकतो. फक्त मग भांडी, इंधन, वाढपी, धुणं आणि कचरा या पाच गोष्टी तुमच्याकडे येतात. त्यांचा हिशेब आधी करा आणि मगच तुलना करा.

तुमच्या होणाऱ्या नवऱ्याची यादी निम्मी करण्याची सूचना ऐकायला कठोर वाटते, पण हिशेबाने तीच सगळ्यांत परिणामकारक आहे. एक माणूस कमी झाला की सगळेच पदार्थ, खुर्ची, ताट, वाढपी, सगळ्यातून तो वजा होतो. तरी ‘निम्मी’ हा शब्द सोडून द्या. त्याऐवजी दोघांनी मिळून यादी घेऊन बसा आणि प्रत्येक नावासमोर लिहा की हे नाव कुणी घातलं. मला वाटतं, काही नावं अशी निघतील की ती कुणीच मनापासून घातलेली नाहीत, ‘त्यांनी आपल्याला बोलावलं होतं’ एवढंच त्यांचं कारण असेल. ती आधी बघा. ज्यांच्याशी तुम्ही वर्षभरात एकदाही बोलला नाहीत, त्यांना लग्नानंतर घरी चहाला बोलावलंत तर त्यांनाही ते जास्त आवडेल. पण आजी-आजोबांचा एखादा म्हातारा मित्र फक्त आकडा कमी करण्यासाठी गाळू नका. 160 चे 130 झाले तरी मोठा फरक पडतो.

एक मार्ग मी सुचवणार नाही, तो म्हणजे एकाच जागी दोन प्रकारचं जेवण, जवळच्यांना भरगच्च आणि बाकीच्यांना अल्पोपाहार. ते दिसतं, आणि ज्याला दिसतं त्याला बोचतं. माणसं वेगळी करायची असतील तर वेळ वेगळी करा. विधीनंतर सगळ्यांना पेय आणि खाऊ, आणि जवळच्या 50 जणांचं जेवण रात्री दुसऱ्या ठिकाणी. किंवा समारंभ जेवणाच्या वेळेत न ठेवता दुपारी चारला ठेवा आणि निमंत्रणात स्वच्छ लिहा, ‘समारंभानंतर चहा आणि फराळ’. आधी कळलं असेल तर माणूस घरून जेवून निघतो आणि कुणालाच काही वाटत नाही. राग येतो तो न सांगितल्याचा. फक्त बरेच पाहुणे लांबचा प्रवास करून येणार असतील तर हा मार्ग सोडून द्या. चार-पाच तास गाडीत बसून आलेल्याला पूर्ण जेवण मिळालंच पाहिजे.

समजा तुम्ही 130 जणांचं पूर्ण जेवण ठरवलंत. माझा बेत असा असेल: एक भात किंवा दुसरं पोट भरणारं धान्य, एक पोळी किंवा पाव, कडधान्याचा एक दाट पदार्थ, हंगामी भाजीचा एक, काहीतरी कच्चं कुरकुरीत, आंबट तोंडीलावणं, आणि एक गोड. सात झाले. यांतला एक, फक्त एकच, खास करा. त्यावर पैसे मोकळेपणाने घाला, सुका मेवा घाला, चांगलं तूप-लोणी वापरा. लोक त्याच पदार्थाचं नाव घेतील. तळून लगेच खायचे आणि एकेकाला ताजे करून द्यायचे पदार्थ टाळा. त्यांना माणसं जास्त लागतात आणि रांग तिथेच तुंबते. दाट रस्से, भाजलेल्या भाज्या, शिजवलेली कडधान्यं मंद आचेवर तास-दीड तास चव न सोडता राहतात. मांसाहार ठेवायचाच असेल तर एकच पदार्थ ठेवा आणि तो वाढप्याच्या हाताने वाढू द्या.

प्रमाणाचा धाक घालवायला आकडे उपयोगी पडतात. भात मुख्य असेल तर माणशी 75 ते 100 ग्रॅम कोरडा तांदूळ धरा. शिजून तो जवळपास अडीच ते तीन पट होतो. 130 जणांना 100 ग्रॅमने 13 किलो झाले. कोरडं कडधान्य माणशी 50 ते 60 ग्रॅम, म्हणजे सात-आठ किलो. बटाट्यासारखी भरीव भाजी मुख्य पदार्थ असेल तर माणशी 150 ते 200 ग्रॅम कच्ची. लहान मुलांना अर्धं माणूस धरा. यावर दहा टक्के जास्तीचं घ्या, पण ते फक्त भात, पोळी-पाव आणि कडधान्यात. कमी पडण्याची भीती इथेच मिटते, कारण हेच पदार्थ सगळ्यांत स्वस्त आहेत. जिथे स्वस्त आहे तिथे सढळ व्हा. मीठ-तिखट मात्र सरळ गुणाकाराने वाढवू नका. ठरलेल्या मापाच्या दोन-तृतीयांश घाला आणि चव बघत पुढे जा.

मोजताना स्वयंपाकी, वाढपी, गाड्यांचे चालक, फोटो काढणारे यांनाही धरा. एका लग्नात ही दहा-पंधरा ताटं सहज होतात आणि ती बहुतेक कुणाच्याच यादीत नसतात. तुमच्या दोघांची आणि आईवडिलांची ताटंही पहिल्याच फेरीत झाकून, गरम राहतील अशी ठेवायला एखाद्या भावंडाला सांगा. नाहीतर रात्री दहा वाजता तुम्हालाच गार भात उरतो.

बुफे असेल तर टेबलाची मांडणी बघून घ्या, यात एक पैसाही लागत नाही. टेबल भिंतीला टेकवू नका, दोन्ही बाजूंनी वाढून घेता आलं की रांग निम्मी होते. 100 च्या वर माणसं असतील तर तेच पदार्थ दोन टेबलांवर लावा. ताटं सुरुवातीला, पण चमचे-रुमाल अगदी शेवटी, म्हणजे वाढून घेताना हात मोकळा राहतो. सुरुवातीला भात, पाव, कडधान्य, कोशिंबीर ठेवा, खास पदार्थ शेवटी आणि त्यामागे वाढपी. रिकाम्या ताटात पहिला जो पदार्थ येतो त्याला जागा जास्त मिळते, हे तुम्ही कुठल्याही रांगेत दोन मिनिटं उभं राहून पाहू शकता. मोठं भांडं एकदाच भरून ठेवण्यापेक्षा छोटी भांडी सारखी बदलत राहा. अन्न गरम राहतं आणि शेवटच्या माणसालाही भरलेलं भांडं दिसतं. वयस्कर पाहुणे, गरोदर स्त्रिया आणि अगदी लहान मुलं असलेल्यांना रांगेत उभं करू नका. त्यांना बसल्या जागी वाढायला घरातली चार तरुण मुलं नेमा. आल्याआल्या पाणी आणि तोंडात टाकायला काहीतरी छोटं द्या, नाहीतर ताटकळलेला माणूस भुकेने ताट भरतो आणि अर्धं टाकतो. दाणे, तीळ, दूध, गहू ज्यात आहे त्या पदार्थापुढे तसं लिहिलेली चिठ्ठी ठेवा. काहींसाठी तो चवीचा प्रश्न नसतो, जिवाचा असतो.

केटररकडे परत जाणार असाल तर ‘किती कमी कराल?’ असं विचारू नका. ‘माझ्याकडे एवढी रक्कम आहे, 130 माणसं आहेत, यात तुम्ही पोटभर आणि गरम काय द्याल?’ असं विचारा. अनुभवी माणूस त्यावर स्वतःच बेत सुचवतो, आणि जो नुसते पदार्थ मोजत राहतो त्याच्याकडे काम देऊ नका. मग हे लेखी घ्या: कमीत कमी किती ताटांचे पैसे द्यावेच लागतील, अंतिम आकडा कोणत्या तारखेपर्यंत बदलता येईल, आकड्यावर जास्त माणसं आली तर ताटाचा दर काय, भांडी-वाढपी-वाहतूक-कर त्यात आहेत की वेगळे, आणि उरलेलं अन्न कुणाचं. किमान ताटांचा आकडा तुमच्या खात्रीच्या आकड्यापेक्षा थोडा खालीच ठरवा. वाढवणं सोपं असतं, कमी करून मिळत नाही.

तो खात्रीचा आकडा मिळवायचा तर निमंत्रण पाठवून स्वस्थ बसू नका. दहा दिवस आधी प्रत्येक घराला फोन करा आणि ‘येताय ना?’ असं न विचारता ‘तुमच्याकडून किती जण?’ असं विचारा. पहिल्या प्रश्नाला सगळे हो म्हणतात. हे फोन तुमच्या वडिलांना किंवा दिरांना करायला सांगा, तुम्हाला त्या दिवसांत वेळ मिळणार नाही.

राहता राहिली आई. तिला ‘लोक काय म्हणतील याचा विचार सोड’ असं सांगू नका. तिने आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरी आहेर आणि आग्रह दोन्ही घेतलेत, त्यांची परतफेड आपल्या मुलीच्या लग्नात व्हावी असं तिला वाटतं. ते वाटणं चुकीचं नाही. तिला शांतपणे विचारा, की नेमकं कोण काय म्हणेल? बहुधा एक-दोनच नावं निघतील. मग त्या दोघांसाठी मामाकडून उसने घ्यायचे का, हे तिलाच ठरवू द्या. आणि तो एक खास पदार्थ कोणता, हे तिच्यावर सोपवा. त्याचं सामान तिने निवडावं, आचाऱ्याकडून आधी थोडा करवून घेऊन चव तिने घ्यावी, आणि लग्नाच्या दिवशी त्या भांड्यापाशी उभं राहून पाहुण्यांना आग्रह करण्याचा मानही तिचाच.

या आठवड्यात यादी आणि रक्कम या दोनच गोष्टी पक्क्या करा. पदार्थांची चर्चा त्यानंतर, आई आणि मावशींना सोबत बसवून. ज्या दिवशी आचारी किंवा केटरर ठरेल त्या दिवशी त्याच्याकडून चार माणसांचं जेवण करवून घ्या आणि ते लगेच खाऊ नका. दीड तास झाकून, मंद आचेवर ठेवून मग खा. तुमच्या पाहुण्यांच्या ताटात ते त्याच अवस्थेत पडणार आहे.